चिवट चिलापीचं दुखणं

लातूर-नांदेडकडची शेततळी खोदली ती पिकासाठी. मासे नंतर आले. त्यामुळे मे महिन्यात मोटार चालू होते ती बागेच्या गरजेनं. तळ्यातलं पाणी निम्म्यावर येतं, मासे मात्र तेवढेच राहतात, उलट वजनानं वाढलेले. चिलापीच्या बहुतेक आजारांची सुरुवात इथं होते.

चिलापी म्हणजे तिलापिया, मूळची आफ्रिकेची. १९५२मध्ये ती भारतात आली, भराभर वाढून इतर माशांच्या मुळावर उठली आणि १९५९मध्ये तिच्यावर बंदी घालावी लागली. तोवर उशीर झाला होता. उजनीची चिलापी आज सगळ्यांना ठाऊक आहे. आता सुधारित ‘गिफ्ट’ जात परवानगी घेऊन, अटी पाळून पाळता येते. बीज सगळं नराचं लागतं. नाहीतर तोंडात अंडी-पिल्लं सांभाळणारी ही मासळी तळं चिंगळ्यांनी भरून टाकते.

ती काटक आहे, आणि माझ्या मते हाच तिचा धोका. इतर मासे तडफडतील अशा पाण्यातही ती जगते, म्हणून मालक निर्धास्त राहतो. पाणी गर्द हिरवं झालं की तळ्यात दिवसातून दोन संकटं येतात. रात्रभर शेवाळही प्राणवायू ओढतं, त्यामुळे पहाटे तो सर्वांत कमी असतो. मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करतात ते तेव्हाच. दुपारी उलटं होतं. शेवाळ कर्बवायू शोषून घेतं आणि पाण्याचा सामू चढतो. माशांच्या विष्ठेतून, उरलेल्या खाद्यातून अमोनिया होतोच. ३० अंशांच्या पाण्यात सामू ७ असेल तर त्यातला विषारी भाग शेकडा एकाहून कमी असतो. सामू ९ झाला की तो चाळिसाच्या वर जातो. दुपारी टाकलेला मूठभर जादा भुस्सा असा महागात पडतो.

कोपरापर्यंत हात पाण्यात घालावा. तळवा दिसेनासा झाला असेल तर खाद्य थांबवावं आणि थोडं पाणी बदलावं.

अशा थकलेल्या माशांना स्ट्रेप्टोकोकस जिवाणू गाठतो, तोही उन्हाळ्यात. डोळे बाहेर येतात, मासा गिरक्या घेत पोहतो. लोक घाईनं खाद्यात प्रतिजैविक मिसळतात. पण आजारी मासा आधी खाणं सोडतो. औषध जातं धडधाकट माशांच्या पोटात. तिलापिया लेक विषाणूवर तर औषधच नाही. इस्रायलमध्ये त्याची ओळख २०१४मध्ये पटली, २०१८मध्ये तो भारतातही आढळल्याची नोंद झाली. तो येतो मुख्यतः बीजाबरोबर, म्हणून स्वस्त बोटुकलीचा मोह टाळलेला बरा.

खाद्य उरायला लागलं की त्याच दिवशी जाणकाराला गाठावं. उदगीरला मत्स्य विज्ञान महाविद्यालय आहे. मेलेले मासे नाल्यात फेकू नयेत. तळ्यापासून लांब खड्डा घेऊन चुना टाकून पुरावेत, आणि त्या तळ्यातलं जाळं उन्हात खडखडीत वाळल्याशिवाय शेजाऱ्याला देऊ नये.