पॉलिंग, लायनस कार्ल

(२८ फेब्रुवारी १९०१ – १९ ऑगस्ट १९९४). अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ. रासायनिक बंधाच्या स्वरूपाविषयीच्या संशोधनाबद्दल १९५४ चे रसायनशास्त्राचे आणि अण्वस्त्रचाचण्यांविरुद्धच्या कार्याबद्दल १९६२ चे शांततेचे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. या सन्मानांमुळे त्यांचे एक महत्त्वाचे कार्य काहीसे झाकले गेले आहे. उच्छ्वासाच्या रासायनिक विश्लेषणावरून शरीराची अवस्था जाणून घेण्याचा त्यांनी केलेला प्रयत्न, हे ते कार्य होय.

त्यांचा जन्म पोर्टलंड (ऑरेगन) येथे झाला. वडील औषधविक्रेते होते. ऑरेगन कृषी महाविद्यालयातून रासायनिक अभियांत्रिकीची पदवी (१९२२) व कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीची पीएच्. डी. पदवी (१९२५) मिळविल्यानंतर १९६३ पर्यंत ते या इन्स्टिट्यूटमध्येच होते.

रक्त व वायू यांच्या संबंधाकडे त्यांचे लक्ष १९३० नंतरच्या दशकात वळले. रक्तातील हीमोग्लोबिन ऑक्सिजनाशी संयोग पावले की त्याचे चुंबकीय गुणधर्म बदलतात, असे त्यांनी व सी. डी. कोरिएल यांनी १९३६ मध्ये दाखविले. ऑक्सिजन वायू चुंबकाकडे ओढला जातो. इतर बहुतेक सामान्य वायू तसे ओढले जात नाहीत. या भेदाचा उपयोग करून पॉलिंग यांनी १९४० मध्ये पाणबुडीतील हवेत ऑक्सिजन किती आहे ते दाखविणारे उपकरण तयार केले. त्यात क्वॉर्ट्‌झच्या तंतूला टांगलेले दोन सूक्ष्म काचगोल चुंबकीय क्षेत्रात असतात. भोवतालच्या वायूतील ऑक्सिजन कमीअधिक झाला की ते किंचित फिरतात व त्यांना जोडलेल्या आरशावरून परावर्तित झालेला प्रकाशकिरण मोजपट्टीवर सरकतो. पुढे अकाली जन्मलेल्या बालकांच्या ऊबपेट्यांतील ऑक्सिजनावर लक्ष ठेवण्यासाठीही हे उपकरण वापरण्यात आले.

दात्र-कोशिका पांडुरोगाच्या (सिकल सेल रोगाच्या) रुग्णांतील हीमोग्लोबिनाचा रेणूच निराळा असतो, असे त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये विद्युत् क्षेत्रातील रेणूंच्या हालचालींवरून सिद्ध केले. रोगाचे मूळ एखाद्या रेणूत असू शकते, ही कल्पना यातून दृढ झाली. (विदर्भात व राज्याच्या इतर आदिवासी भागांत हा रोग आढळतो.) पॉलिंग यांच्या उत्तरायुष्यातील संशोधन याच कल्पनेचा विस्तार होता. शरीरातील रेणूंचे प्रमाण व्यक्तिपरत्वे भिन्न असते व ते योग्य राखल्यास मानसिक विकारही बरे होऊ शकतील, असे मत त्यांनी १९६८ मध्ये मांडले. त्यासाठी प्रत्येक व्यक्तीच्या शरीरातील शेकडो द्रव्ये एकाच वेळी मोजण्याची रीत हवी होती. ती त्यांनी उच्छ्वासात व मूत्राच्या बाष्पात शोधली.

उच्छ्वासाच्या गंधावरून रोग ओळखण्याची प्रथा प्राचीन आहे. तीव्र मधुमेहात श्वासाला पिकलेल्या फळासारखा वास येतो, तर यकृत व मूत्रपिंड यांच्या विकारांत निराळे वास येतात. फुप्फुसातील वायुकोशांच्या पातळ भित्तींतून रक्तातील बाष्पनशील द्रव्ये हवेत येतात, हे यामागील कारण होय. बाहेर टाकलेल्या हवेत प्रामुख्याने नायट्रोजन, सु. १६ टक्के ऑक्सिजन, सु. ४ टक्के कार्बन डाय-ऑक्साइड आणि पाण्याची वाफ असते. निदानाला उपयोगी पडणारी द्रव्ये मात्र एक अब्ज रेणूंत काही थोडे रेणू इतकी विरळ असू शकतात. नाकाला जाणवणारा गंध हा त्यांचा अगदी लहान अंश होय.

स्टॅनफर्ड विद्यापीठात असताना पॉलिंग यांनी ए. बी. रॉबिन्सन, आर्. टेरानिशी व पी. केरी यांच्या समवेत वायुवर्णलेखनाने हे विरळ घटक अलग केले. माणसाने थंड केलेल्या पोलादी नळीतून उच्छ्वास सोडला की बाष्पनशील द्रव्ये तीत गोठून साचतात. नळी तापविल्यावर ती पुन्हा बाष्परूप होऊन लांब, अरुंद स्तंभातून वेगवेगळ्या गतींनी बाहेर पडतात आणि प्रत्येकाचा आलेखावर एक उंचवटा उमटतो. अन्नामुळे येणारा फरक कमी व्हावा म्हणून ठरावीक आहार देण्यात आला होता. १९७१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निबंधात उच्छ्वासात सु. २५० व मूत्रबाष्पात सु. २८० घटक नोंदविलेले आहेत. मात्र त्यांतील बहुतेक उंचवटे कोणत्या संयुगांचे आहेत, हे त्या वेळी ठरविता आले नाही. आधुनिक श्वासविश्लेषणाचा आरंभ सामान्यतः या निबंधापासून मानतात.

ज्या हेतूने हे काम झाले तो मात्र साध्य झाला नाही. मानसिक विकारांवर जीवनसत्त्वांच्या मोठ्या मात्रांचा उपचार अमेरिकन मानसोपचारतज्ञांच्या समितीने १९७३ मध्ये अमान्य केला. क जीवनसत्त्वाने कर्करोगावर गुण येतो हे पॉलिंग यांचे प्रतिपादनही मेयो क्लिनिकमधील चाचण्यांत (१९७९ व १९८५) टिकले नाही. ज्या रसायनशास्त्रज्ञाने मोजमापाची इतकी काटेकोर रीत दिली, त्याने उपचाराच्या पुराव्याबाबत तेवढी काटेकोरता पाळली नाही, असेच म्हणावे लागते.

रीतीतील अडचणीही मोठ्या होत्या. सामान्य श्वासातील सु. ५०० मिलि. हवेपैकी सु. १५० मिलि. वायुकोशांपर्यंत पोहोचतच नाही. खोलीतील हवा, तोंडातील व आतड्यांतील जंतू, धूम्रपान यांचीही द्रव्ये उच्छ्वासात मिसळतात. ५० निरोगी व्यक्तींच्या उच्छ्वासांत मिळून तीन हजारांहून अधिक द्रव्ये आढळली, पण सर्वांमध्ये समान अशी केवळ २७ होती, असे एम्. फिलिप्स व सहकाऱ्यांना १९९९ मध्ये दिसून आले. निरोगी उच्छ्वास कशाला म्हणावे हेच यामुळे अवघड ठरते.

म्हणून रुग्णालयांत रुळलेल्या चाचण्या एखाद्याच ज्ञात द्रव्यावर आधारलेल्या आहेत. जठरातील हेलिकोबॅक्टर पायलोरी जंतू ओळखण्यासाठी रुग्णाला कार्बन-१३ युक्त यूरिया देतात. जंतू त्याचे विघटन करतात व खुणेचा कार्बन उच्छ्वासातील कार्बन डाय-ऑक्साइडात सापडतो. दम्यात वाढणारा नायट्रिक ऑक्साइडही असाच मोजतात. त्यासाठीच्या उपकरणाला अमेरिकेत २००३ मध्ये मान्यता मिळाली. अनेक द्रव्यांच्या एकत्रित आकृतिबंधावरून निदान करण्याची पॉलिंग यांची कल्पना क्वचितच व्यवहारात उतरली आहे. एप्रिल २०२२ मध्ये कोविड-१९ साठी अमेरिकेत आणीबाणीची परवानगी मिळालेली, पाच द्रव्यांवर आधारित श्वासचाचणी हे त्याचे एक उदाहरण होय.

पॉलिंग यांनी १९७३ मध्ये कॅलिफोर्नियात स्थापन केलेली संशोधन संस्था १९९६ मध्ये ऑरेगन स्टेट विद्यापीठात हलविण्यात आली. बिग सर (कॅलिफोर्निया) जवळील आपल्या निवासस्थानी ते मरण पावले.