गाड्यावर नाव

कधी गाड्यावर नाव, तर कधी नावेवर गाडा, ही म्हण आपण सारेच शाळेत शिकलो. दिवस फिरतात, आजचा थोर उद्या लहान होतो, असा तिचा अर्थ गुरुजींनी सांगितला आणि आपण तो पाठ केला. पण गाड्यावर खरोखरच नाव चढवायची वेळ आली तर ती बसवायची कशी, हे काही कोणी सांगितले नाही. मी स्वतः तीस वर्षे गुरुजी होतो आणि मुलांना विज्ञान शिकवीत होतो. तरफेचा नियम फळ्यावर किती वेळा लिहिला याची गणती नाही. तरीसुद्धा नाव आणि गाडा यांची जोडी जमवताना मी असा तोंडघशी पडलो की, आमच्या घरात अजूनही कोणी ‘तरफ’ म्हटले तर सुनेला हसू आवरत नाही.

राजुऱ्याला नाव कशाला हवी, असे पुण्यामुंबईचे वाचक विचारतील. त्यांनी जरा नकाशा उघडावा. बल्लारपूर, म्हणजे कागदाच्या कारखान्याचे आणि रेल्वेचे गाव, वर्धा नदीच्या एका काठाला. आम्ही दुसऱ्या काठाला. पूर्वी ही नदी म्हणजे सरहद्दच होती. आमचा राजुरा तालुका १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातल्या आदिलाबाद जिल्ह्यात होता, मग नांदेड जिल्ह्यात गेला आणि १९५९ साली चांदा जिल्ह्याला, म्हणजे आजच्या चंद्रपूरला जोडला गेला. कागदावरची सरहद्द पुसली गेली. नदीने मात्र आपला हक्क सोडलेला नाही. वर धरणांचे दरवाजे उघडले, पैनगंगा भरून येऊन वर्धेला मिळाली, आणि खाली वैनगंगाही तुडुंब असली, की पाणी उतरायचे नावच घेत नाही. जुलै २०२२ मध्ये असाच पूर आला आणि बल्लारपूर–राजुरा रस्ता बंद पडला. जिल्ह्याचे ठिकाण पलीकडे, मोठी इस्पितळे पलीकडे, आणि सुटकेसाठी मोटारबोटी घेऊन पथके यायची ती नागपूर-चंद्रपूरकडून, म्हणजे तीही पलीकडूनच! आमच्याकडे ढिवरांचे डोंगे आहेत, आणि ते चालवणारे हातही कसबी आहेत. पण पुराच्या ओढीपुढे वल्ह्याचे काय चालणार?

तेव्हा गावातल्या आम्ही काही मंडळींनी वर्गणी काढून एक बोट अलीकडच्या काठाला ठेवायचे ठरवले. बोट मिळाली ती फायबरची, सोळा फुटी, चाळीस अश्वशक्तीच्या मोटारीची. पण बोट नदीकाठी बांधून ठेवून भागत नाही. आज पाणी या नाल्यावर, उद्या त्या नाल्यावर. तेव्हा बोट रस्त्याने जायला हवी, आणि त्यासाठी जीपमागे जोडायचा दोन चाकांचा ट्रेलर हवा. तो आम्ही जुना घेतला. मूळ तो एका लहान बोटीसाठी बांधलेला होता. “बोटीला गाडा हवा, गाडा मिळाला, झाले!” असे मीच म्हणालो. कपडा बेतल्याशिवाय सदरा शिवू नये, एवढे ज्याच्या बायकोला कळते त्या माणसाने असे म्हणायला नको होते.

मे महिन्याच्या अखेरीस आम्ही पहिली फेरी काढली. आसिफाबादच्या रस्त्याला लागलो. तिशी-पस्तिशीच्या वेगात गाडा अगदी गुणी बाळासारखा मागून येत होता. उतार लागला, काटा पन्नासावर गेला, आणि आरशात पाहतो तो बोटीची पिछाडी डावीकडे झुकली, मग उजवीकडे, मग आणखी डावीकडे. प्रत्येक झोका आधीच्याहून मोठा. जीपचे मागचे अंगही त्याच्याबरोबर ओढले जाऊ लागले. ड्रायव्हरने घाबरून ब्रेक दाबला. तो दाबायला नको होता, हे आम्हाला नंतर कळले. एका खड्ड्यावर गचका बसला, मागे ‘खाट्’ असा आवाज झाला, आणि आमची नाव जीपला रामराम ठोकून स्वतंत्रपणे रस्ता ओलांडत एका नांगरलेल्या काळ्या शेतात शिरली.

कोणाला इजा झाली नाही. पण दोन क्षणांपूर्वीच एक मोटारसायकल समोरून गेली होती. पुढे टाकीवर लहान मुलगी, मागे आई, मध्ये बाप. ते चित्र डोळ्यांसमोरून हलेना. पुरातून माणसे काढायला घेतलेल्या बोटीने रस्त्यावर माणसे मारली असती. मी बांधावर मटकन बसलो.

त्या शेताचे मालक बांधावरच्या बाभळीखाली बसले होते. वय पंचाहत्तरीच्या आसपास. पुढे त्यांना आम्ही सारेच आबाजी म्हणू लागलो. ते सावकाश उठून आले, बोटीभोवती एक फेरी मारली, गाड्याच्या दांडीचे टोक एका हाताने टोपली उचलावी तसे उचलले आणि खाली ठेवले.

“गुरुजी, गाडी उलाळ हाये तुमची.”

“म्हणजे?”

“मंगं भार जास्त झाला जी. बैलगाडीत असा भार टाकला तं जू वर जाते, बैलाले फास बसते. अन् पुढं टाकला तं बैलाची मान मोडते. थोडासा भार जुवावर पायजे. थोडासाच.”

वाचकहो, तरफेचा सबंध धडा त्या तीन-चार वाक्यांत आला. आस हा टेकू. बोट हा भार. आणि जू म्हणजे दांडीचे टोक, जे जीपच्या मागच्या लोखंडी गोळ्यावर बसते. टोकावर पुरेसा दाब नसेल तर गाड्याची शेपटी जड होते. वाऱ्याने, खड्ड्याने किंवा शेजारून गेलेल्या ट्रकने तिला जरा ढकलले की ती वळते आणि पुढच्या टोकाला उलट बाजूला ढकलते. ते जीपला वळवते. जीप पुन्हा शेपटीला. वेग वाढला की झोके विरण्याऐवजी वाढत जातात. अशा वेळी जोरात ब्रेक मारला तर मागचा गाडा जीपलाच मुरगळून टाकतो. पाय वेगावरून काढायचा, चक्र सरळ धरायचे आणि गाडी आपोआप मंदावू द्यायची, एवढेच करण्यासारखे असते.

दुसऱ्या दिवशी मी वही-पेन्सिल घेऊन बसलो. आमच्या भागात कोळशाच्या खाणी आणि सिमेंटचे कारखाने, त्यामुळे ट्रक तोलणारे धर्मकाटे हवे तितके. गाडा-बोट-मोटार-पेट्रोल-दोर-जॅकेटे सारे मिळून ७०० किलो भरले. त्यात बोट आणि तिच्यातले सामान ५५०. दांडीच्या टोकाचा भार मात्र एवढ्या मोठ्या काट्यावर नेमका कळत नाही. तो जिनिंगमधल्या कापसाच्या काट्यावर घेतला. चाकांना दगड लावले, काट्यावर लाकडी ठोकळा उभा केला आणि दांडी जीपला जोडल्यावर जेवढ्या उंचीवर असते तेवढ्याच उंचीवर टेकवली. उंची बदलली की वजनही फसवते. काटा १८ किलोवर थांबला. बोटीच्या गाड्याला टोकावरचा भार एकूण वजनाच्या पाच ते दहा टक्के असावा, असा सर्वसाधारण ठोकताळा आहे. आमचा तीन टक्केही नव्हता. पन्नास किलो करायचा, तर बत्तीस किलोंची भर हवी.

आता गंमत पाहा. आसापासून दांडीच्या टोकापर्यंतचे अंतर ४०० सेंटीमीटर. बत्तीसला चारशेने गुणा, साडेपाचशेने भागा. उत्तर येते २३ सेंटीमीटर आणि किंचित. बोट तेवढी पुढे सरकवली की झाले. मी आबाजींना विचारले, “किती पुढे घ्यावी?” त्यांनी बोटीकडे पाहून पंजा ताणला आणि म्हणाले, “वीतभर.” वीत म्हणजे नऊ इंच, म्हणजे जवळजवळ तेवढेच! माझी वही मी गुपचूप मिटली.

बोट पुढे नेणे तसे अवघड नाही. गाड्याच्या पुढच्या भागात एक खांब असतो. त्याच्यावर बोट ओढून घ्यायची चरखी, म्हणजे विंच, आणि नाळ टेकवायचा रबरी ठोकळा असतो. हा खांब दांडीला यू-बोल्टांनी आवळलेला असतो. आमचा तो आधीच्या छोट्या बोटीच्या मापाने फार मागे बसवलेला होता. बोल्ट ढिले केले, खांब वीतभर पुढे घेतला आणि पुन्हा आवळला. पुढे घेताना जीप पूर्ण वळवून पाहिली, नाळ जीपच्या पाठीला लागत नाही ना म्हणून. विंचचा पट्टा बोटीच्या कडीपर्यंत सरळ जायला हवा. तो तिरपा वरून खाली ओढत असेल तर नाळ ठोकळ्याखाली घुसते. म्हणून खांबाची उंचीही चार बोटे कमी केली.

या सरकण्याने दुसरा एक रोग आपोआप बरा झाला. बोट गाड्यावर दोन लांब फळ्यांवर टेकते. त्यांच्यावर जाड सतरंजीसारखे कापड मढवलेले असते. मोटार टांगलेली असते ती बोटीच्या मागच्या उभ्या तक्त्याला. तो तक्ता त्या फळ्यांच्या टोकांवर यायला हवा. आमचा वीतभर बाहेर लोंबत होता, म्हणजे मोटारीचे सारे ओझे अधांतरी! महिनोन् महिने बोट तशीच उभी राहिली असती तर तळाला बाक आला असता, आणि बाक आलेली बोट पाण्यात कधी सरळ चालत नाही. दोन्ही फळ्यांची उंचीही सारखी नव्हती. एका बाजूने हात आत जात होता, दुसऱ्या बाजूने पोस्टकार्डही जाईना. फळ्यांचे आधार वरखाली करून बोटीचा तळ सर्वत्र सारखा टेकेल असे केले. यात अख्खी दुपार गेली आणि घरून तीनदा चहा आला.

पुन्हा काट्यावर ४९ किलो भरले. पेट्रोलची टाकी मागे असते. ती रिकामी असताना तोलले तर टोकाचा भार जास्त दिसतो. म्हणून जशी पुरात न्यायची तशीच, भरल्या टाकीने तोलली.

आता तो ‘खाट्’ आवाज. दांडीच्या टोकाची लोखंडी वाटी मोठ्या गोळ्याच्या मापाची आणि जीपला लावलेला गोळा किंचित लहान, असा तो विजोड संसार होता. वाटी गोळ्यावर छान बसते, खटकाही पडतो. फसगत होते ती इथेच. त्यात दांडी हलकी, म्हणून गचका बसताच ती वर उडाली. दोन्हींवर मापे कोरलेली असतात, ती एकमेकांशी ताडून पाहावीत. मी आणखी एक परीक्षा ठरवली आहे: खटका लावल्यावर दांडीखाली जॅक लावून ती उचलायची; तिच्याबरोबर जीपचे मागचे अंग उचलले गेले तर जोड पक्का. आणि दोन साखळ्या दांडीखालून एकमेकींना छेद देऊन जीपला अडकवायच्या. जोड सुटलाच तर दांडी रस्त्यात रुतण्याऐवजी त्या साखळ्यांच्या झोळीत पडते. साखळी वळणावर ताणली जाऊ नये, आणि रस्त्यावर घासूही नये. त्या दिवशी आमच्याकडे साखळ्या नव्हत्याच. बोटही केवळ विंचच्या पट्ट्यावर भरवसा ठेवून बसली होती. आता पिछाडीला दोन पट्टे आणि नाळेला वेगळी साखळी आहे. मागचे दिवे लावले, गाड्याचा नोंदणी क्रमांक लावला. ट्रेलरला तो मोटारीसारखाच स्वतंत्र लागतो.

चाकांच्या बेअरिंगांबद्दल आबाजींना काही सांगावे लागले नाही. वंगणाविना कुरकुरणारी गाडी त्यांना दोन शेतांवरून ओळखू येते. दहा किलोमीटर गेल्यावर चाकाच्या मध्यावर हात लावून पाहायचे. कोमट असेल तर ठीक, हात ठेववत नसेल तर थांबायचे. तापलेले चाक एकदम थंड पाण्यात बुडवले की आत पाणी ओढले जाते आणि वंगणाचा चिखल होतो. चाके निवू द्यावीत हे खरे, पण पलीकडे माणसे झाडावर बसली असताना अर्धा तास कोण थांबणार? म्हणून आम्ही थांबत नाही. परत आल्यावर त्याच रात्री वंगण बदलतो.

एवढे सारे झाल्यावर वर्धेच्या घाटावर बोट मोठ्या थाटात पाण्यात सोडली. नारळ फोडला, फोटो काढले, आणि दहा मिनिटांत बोटीत घोट्यापर्यंत पाणी! बोटीच्या तळाशी पावसाचे पाणी वाहून जाण्यासाठी एक भोक असते. रस्त्यावर ते उघडे ठेवतात, नाहीतर पावसाच्या पाण्याने बोट जड होते आणि सारा तोल पुन्हा बिघडतो. पाण्यात उतरण्यापूर्वी त्याला बूच लावायचे. बूच आमच्या देवघरात, कुंकवाच्या करंड्याशेजारी होते. “हरवू नये म्हणून मीच ठेवलं,” असे आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या. आता ते दोरीने विंचच्या मुठीलाच बांधलेले असते. हात लावल्याशिवाय बोट उतरतच नाही.

ऑगस्टात एका संध्याकाळी फोन आला. चौदा किलोमीटरवरच्या एका गावाचा रपटा सकाळपासून पाण्याखाली होता. पाणी घरांत शिरले नव्हते. पण एका आजींचे इन्सुलिन संपले होते. नातू अलीकडे अडकलेला, आजी पलीकडे. औषधाच्या दुकानातून कुप्या घेतल्या, बर्फाच्या थर्मासात घातल्या आणि निघालो. पाऊस कोसळत होता. वेग चाळिशीच्या आत. मी सारा वेळ आरशात पाहत होतो. पावसाच्या पडद्याआड नाळेचे टोक आरशाच्या मधोमध, जसे चिकटवल्यासारखे.

वाटेत शेताजवळ आबाजी डोक्यावर पोते घेऊन उभे होते. हात करून त्यांनी जीप थांबवली. दांडी आणि साखळ्या बॅटरीच्या उजेडात पाहिल्या, दोन्ही हातांनी दांडी वर ओढून पाहिली, ती ढिम्म हलली नाही, तशी मान डोलावली. मग खिडकीशी येऊन मला विचारले,

“अन् बूच घेतलं का जी?”