शिकवणी संपली, परिणाम टिकला

टोरांटोतील रीजंट पार्क या सरकारी घरांच्या वस्तीत २००१पासून नववीपुढच्या मुलांना ‘पाथवेज टू एज्युकेशन’मार्फत शाळेनंतरची मोफत शिकवणी, पाठीशी उभा राहणारा मार्गदर्शक, बसची तिकिटे आणि पुढील शिक्षणासाठी पैसे मिळू लागले. संशोधकांनी करनोंदींतून या मुलांचा वयाच्या २८व्या वर्षापर्यंत माग काढला. वार्षिक कमाई १९ टक्क्यांनी जास्त निघाली, सरकारी अर्थसाहाय्य घेणारे एक तृतीयांशाहून अधिक घटले. ‘मुळात जिद्दी मुलेच आली असतील’ हा आक्षेप इथे टिकत नाही. कारण वस्तीतली सगळीच पात्र मुले हिशेबात धरून शहरातल्या इतर सरकारी वस्त्यांशी तुलना केली होती. या परिणामात पैशाचा वाटा किती, हे मात्र वेगळे काढता येत नाही. म्हणूनच नुसती शिकवणी उचलू नये. माणूस, तिकीट, मदत सगळे एकत्रच द्यावे.