कंपनी सुटते, ती कशाच्या बळावर?

दाभोळच्या वीजप्रकल्पामुळे महाराष्ट्राला ठाऊक झालेल्या एन्रॉन कंपनीने २००१च्या डिसेंबरात दिवाळखोरी जाहीर केली. तिचे हिशेब तपासणाऱ्या आर्थर अँडरसन या संस्थेवर अमेरिकेच्या न्याय खात्याने २००२मध्ये तपासात अडथळा आणल्याबद्दल फौजदारी खटला भरला. संस्था दोषी ठरली आणि तिचा कारभार आटोपला. तिच्या अमेरिकेतील सुमारे २८ हजार कर्मचाऱ्यांपैकी बहुतेकांचा एन्रॉनशी काडीचाही संबंध नव्हता. रोजगार मात्र त्यांचाही गेला. सर्वोच्च न्यायालयाने २००५मध्ये तो निकाल एकमताने रद्द केला, तेव्हा वाचवण्याजोगे फारसे उरले नव्हते.

त्यानंतर कंपन्यांवरील खटले काही अटींवर तहकूब ठेवण्याकडे न्याय खात्याचा कल वाढला. दंड भरायचा, कारभार सुधारायचा. मुदतीत अटी पाळल्या तर आरोप मागे. पण सुधारणा खरी की दिखाऊ, हे ठरवायचे कसे? गैरप्रकार रोखणारी यंत्रणा केवळ कागदावर आहे का, हे पाहण्याची सूचना सरकारी वकिलांना २००३मध्येच मिळाली होती. २०१७मध्ये खात्याने त्यासाठी प्रश्नावलीच जाहीर केली आणि पुढे ती वेळोवेळी सुधारली. नियमपालन अधिकाऱ्याला नाही म्हणण्याचा अधिकार आहे का, तक्रार करणाऱ्याचा छळ होतो का, दोषी वरिष्ठाचा बोनस रोखला का, अशी तिची धाटणी आहे. जाडजूड नियमपुस्तिका दाखवून भागत नाही.

मॉर्गन स्टॅन्लीचे उदाहरण यासंदर्भात बोलके आहे. चीनमधील मालमत्ता व्यवहार पाहणाऱ्या तिच्या एका अधिकाऱ्याने अंतर्गत नियंत्रणे चुकवल्याची कबुली २०१२मध्ये दिली. त्याला लाचविरोधी कायद्याचे सात वेळा प्रशिक्षण आणि किमान ३५ वेळा स्मरण दिल्याच्या नोंदी कंपनीकडे होत्या. त्याला नऊ महिन्यांची कैद झाली. कंपनीवर खटलाच भरला गेला नाही.

कॉग्निझंटच्या प्रकरणाचा धागा थेट भारतात पोहोचतो. चेन्नईतील संकुलाच्या परवानगीसाठी सुमारे २० लाख डॉलरची लाच मंजूर केल्याचा आरोप दोन माजी वरिष्ठ अधिकाऱ्यांवर ठेवण्यात आला. कंपनीने प्रकार स्वतःहून उघड केल्याने २०१९मध्ये न्याय खात्याने तिच्यावर खटला न भरण्याचा निर्णय घेतला. भांडवली बाजार नियामकाशी झालेल्या तडजोडीत तिने सुमारे २.५ कोटी डॉलर मोजले. अधिकाऱ्यांनी आरोप नाकारले.

फेब्रुवारी २०२५मध्ये अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी परदेशी लाचखोरीविरोधी कायद्याच्या अंमलबजावणीला तात्पुरता विराम दिला. एप्रिलमध्ये सरकारने त्या दोघांवरील खटला मागे घेतला. जूनमध्ये आलेल्या नव्या मार्गदर्शक सूचनांत अमेरिकी कंपन्यांच्या स्पर्धात्मक हिताला प्राधान्य आहे. त्याआधी मे महिन्यात मात्र न्याय खात्याच्या फौजदारी विभागाने स्वतःहून कबुली देणाऱ्या, तपासात सहकार्य करणाऱ्या आणि चुका दुरुस्त करणाऱ्या कंपन्यांना माफीची हमी अधिक स्पष्ट केली होती. कबुलीचे बक्षीस वाढले, पण न कबूल करणाऱ्याला वाटणारा धाक कमी झाला. या दोन्हींचा मेळ कसा बसणार, हे आता कंपन्यांचे वकील आपापल्या अशिलांना समजावत आहेत.