कारखान्याच्या गांवाचा पाठ

भूगोलाच्या पुस्तकांत गांवांचे प्रकार सांगितलेले असतात: नदीकांठचीं, बंदराचीं, तीर्थाचीं, राजधानीचीं. कारखान्यानें वसविलेल्या गांवाचा उल्लेख क्वचितच एका ओळीपलीकडे जातो. ज्या मुलांपैकीं कित्येकांस पुढें असल्याच वसाहतींत संसार थाटावयाचा आहे, त्यांस हा पाठ विस्तारानें दिला पाहिजे, असें पुष्कळ वर्षांच्या अध्यापनानंतर आम्हांस वाटतें.

आरंभ जवळच्या उदाहरणानें करावा. १९१० सालीं लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं औंध संस्थानांतील कुंडल रोड स्थानकाजवळच्या ओसाड माळावर कारखाना व वस्ती उभी केली. जागा औंधच्या पंतप्रतिनिधींनीं दिली. साकची येथें १९१२ सालीं पोलाद तयार झालें, आणि १९१९ सालीं त्या वस्तीचें जमशेटपूर झालें. या कथा ऐकून मुलें उल्हसित होतात, आणि व्हावींतच. परंतु येथेंच तास संपविल्यास पाठ अर्धा राहील.

उरलेला अर्धा भाग अमेरिकेंत घडला. रेल्वेचे शयनाचे डबे बांधणाऱ्या जॉर्ज पुलमन यांनीं १८८० सालीं शिकागोच्या दक्षिणेस आपल्या नांवाचें नगर वसविण्यास आरंभ केला. विटांचीं घरें, स्वच्छ रस्ते, बाग, ग्रंथालय, सर्व कांहीं तेथें होतें. मात्र प्रत्येक घर कंपनीचें. प्रार्थनामंदिरहि भाड्यानेंच द्यावयाचें. १८९३ च्या मंदींत मजुरी सुमारें चौथ्या हिश्शानें उतरली. घरभाडें उतरलें नाहीं.

येथें फळ्यावर एक गणित मांडावें. समजा, मजुरी ४० डॉलर व भाडें १०. हातीं उरले ३०. मजुरी ३० झाली, भाडें तेंच. हातीं उरले २०. मजुरी चतुर्थांशानें कमी झाली, पण घरखर्चाची रक्कम तृतीयांशानें घटली! हें उत्तर मुलांनीं स्वतः काढलें म्हणजे ११ मे १८९४ रोजीं तेथें संप कां झाला, हें निराळें समजावून सांगावें लागत नाहीं. संप रेल्वेमार्गांवर पसरला, अध्यक्ष क्लीव्हलंड यांनीं सैन्य धाडलें, माणसें मेलीं. पुढें १८९८ सालीं इलिनॉय राज्याच्या वरिष्ठ न्यायालयानें निर्णय दिला कीं, कारखान्यास न लागणारीं घरेंदारें कंपनीनें विकून टाकावीं. २०१५ सालीं ती वस्ती राष्ट्रीय स्मारक म्हणून घोषित झाली.

पुलमन दुष्ट होते, एवढाच बोध मुलांनीं घेऊं नये. घरें खरोखरच चांगलीं होतीं. दोष एवढाच कीं, अन्नदाता, घरमालक आणि गांवचा कारभारी हे तिघे एकाच आसनावर बसले होते. मग दाद मागावी कोणाकडे? एकत्र कुटुंबांत वाढलेल्या आपल्या मुलांस हें चटकन् उमगेल. कर्ता कितीहि मायाळू असो, धाकट्याच्या तोंडीं शब्दच नसेल तर भरल्या ताटावरहि मन उपाशी राहतें.

म्हणून मुलांस चार प्रश्न द्यावे व कारखान्याच्या वसाहतींत राहणाऱ्या काका-मामांस ते विचारावयास सांगावे. घर कोणाचें? नोकरी सुटल्यास तें किती दिवसांत सोडावयाचें? वाणसामान दुसरीकडून घेतां येतें काय? तक्रार ऐकणारा कोणी तिऱ्हाईत आहे काय? उत्तरें वहींत लिहून आणलीं कीं पुढच्या तासास पुस्तकाची गरज पडणार नाहीं.