फिट येते, मग गाडी चालवावी का?

पहाटेचे साडेपाच वाजले आहेत. भोसरीहून चाकणकडे जाणारा रस्ता गजबजू लागला आहे. कंपन्यांच्या बसगाड्या, कंटेनर, टेम्पो, आणि त्यांच्या मधून वाट काढणाऱ्या मोटारसायकली. पहिली पाळी गाठायची घाई सगळ्यांनाच आहे.

समजा, या गर्दीत एक तरुण कामगार आहे. वर्षातून दोन-तीन वेळा त्याला फिट येते. घरी बायकोला ठाऊक आहे. कारखान्यात कोणालाच ठाऊक नाही. मोटारसायकल नसेल तर पाळी चुकेल. पाळी चुकली तर पगार कापला जाईल. आणि आजार सांगितला तर नोकरीच जाईल, ही धास्ती. म्हणून तो गप्प राहतो आणि रोज गाडी काढतो.

त्याची अडचण खरी आहे. पण धोकाही खरा आहे. दोन्ही नीट समजून घेऊ.

फिट म्हणजे काय?

फिटला कोणी आकडी म्हणतात, कोणी फेफरे, कोणी मिरगी. डॉक्टर अपस्मार म्हणतात. आपल्या मेंदूचे काम अगदी बारीक विजेच्या संदेशांवर चालते. कधी हे संदेश एकाएकी बिघडतात. मग माणूस बेशुद्ध पडतो, हातपाय झटके देऊ लागतात. पण प्रत्येक फिट अशीच असते असे नाही. कधी माणूस नुसता एकटक बघत राहतो. हाक मारली तरी ओ देत नाही. थोड्या वेळाने भानावर येतो, आणि मधले त्याला काही आठवत नाही.

ही भूतबाधा नव्हे. हा देवीचा कोप नव्हे. शिवल्याने हा आजार लागत नाही. डोक्याला मार लागला, मेंदूत जंताची गाठ झाली, मेंदूज्वर झाला, तर तो होऊ शकतो. पुष्कळदा कारण सापडतच नाही. जगात सुमारे ५ कोटी लोकांना हा आजार आहे. जागतिक आरोग्य संघटना सांगते, की नीट औषधोपचार झाला तर १०० पैकी ७० जणांच्या फिट थांबू शकतात.

दहा सेकंदांचा हिशेब

ताशी ४० किलोमीटर वेगाने चाललेली गाडी एका सेकंदात ११ मीटर जाते. दहा सेकंद भान गेले, तर ११० मीटर गाडी कोणी चालवली? कोणीच नाही! तेवढ्या अंतरात शाळेची मुले रस्ता ओलांडत असतील, कोणी म्हातारी उभी असेल.

काही जण म्हणतात, "मला आधी चाहूल लागते. मी गाडी बाजूला घेईन." चाहूल दर वेळी लागेलच असे नाही. लागली तरी पुरेसा वेळ मिळेल असे नाही.

२०११ साली जपानमधील कानुमा शहरात असेच घडले. क्रेन चालवणाऱ्याला फिट आली. शाळेला निघालेली ६ मुले दगावली. त्याने परवाना घेताना आजार लपवला होता. खरे सांगितले असते तर ती मुले आज मोठी झाली असती.

कायदा काय सांगतो?

आपल्याकडे १९८८ चा मोटार वाहन कायदा आहे. परवाना मागताना प्रकृतीचा एक नमुना भरावा लागतो. त्यात सरळ विचारले आहे, की तुम्हाला अपस्मार आहे का, किंवा एकाएकी शुद्ध हरपते का? तेथे खोटे लिहून परवाना मिळवला तर तो रद्द होऊ शकतो.

एका कामगाराने विचारले, "डॉक्टरसाहेब, वर्ष झाले, फिट नाही. आता तरी गाडी चालवू ना?"

डॉक्टर म्हणाले, "हे बघा दादा, ब्रिटनमध्ये एक वर्ष फिट आली नाही तर मोटार चालवू देतात. ट्रक आणि बससाठी मात्र दहा वर्षे, आणि तीही औषधाशिवाय. आपल्या नमुन्यात अशी वर्षांची सोय नाही. ती असावी असे पुष्कळ डॉक्टरांना वाटते. पण नियम बदलेपर्यंत आपण तो पाळायचा. आणि गाडीसाठी गोळ्या लपवायच्या नाहीत, बंद तर मुळीच करायच्या नाहीत."

मग कामाला जायचे कसे?

गाडी सुटली म्हणजे पाय तुटले असे नाही. पिंपरी, चिंचवड, आकुर्डी येथे लोणावळ्याची लोकल थांबते. पिंपरीहून स्वारगेटपर्यंत मेट्रो आहे. चाकणला लोकल जात नाही; तेथे कंपनीची बस किंवा पीएमपीची बस धरावी. बसच्या दारात उभे राहू नये. फलाटाच्या कडेला जाऊ नये. दुसऱ्याच्या मोटारसायकलवर मागे बसावे का, हेही डॉक्टरांना विचारावे.

कारखान्यात उंचावरचे काम, भट्टी, प्रेस मशीन, फोर्कलिफ्ट टाळावी. जागरणाने फिट येऊ शकते. म्हणून रात्रपाळी नको असे डॉक्टरांकडून लिहून घ्यावे. सगळीकडे ऐकून घेतात असे नाही. म्हणून चिठ्ठी हातात ठेवून आणि युनियनच्या माणसाला बरोबर घेऊन बोलावे. विमा कामगारांसाठी चिंचवडला मोहननगरात रुग्णालय आहे. पिंपरीत महापालिकेचे यशवंतराव चव्हाण रुग्णालय आहे. पुण्यात यशोदा वाकणकर यांनी संवेदना फाउंडेशन काढले. त्यांना स्वतःला हा आजार होता. तेथे असे लोक एकत्र बसून मन मोकळे करू लागले.

कोणाला फिट आली तर

माणसाला रस्त्यावरून बाजूला घ्या. कुशीवर वळवा. डोक्याखाली मऊ कापड ठेवा. गळ्याजवळचे कपडे सैल करा. झटके दाबून धरू नका. तोंडात चमचा, किल्ली, पाणी काही घालू नका. कांदा किंवा चप्पल हुंगवल्याने काही होत नाही. घड्याळ बघा. पाच मिनिटांत फिट थांबली नाही, किंवा लगेच दुसरी आली, तर १०८ ला फोन करा.

लक्षात ठेवा

गोळी रोज, वेळेवर घ्या. पुरेसे झोपा. दारू टाळा. डॉक्टरांना न विचारता गोळी बंद करू नका. घरच्यांना आणि जवळच्या एका सोबत्याला आजार सांगून ठेवा.

त्या तरुणाने एक दिवस बायकोचे ऐकले. गाडीची किल्ली धाकट्या भावाला दिली. आता तो अर्धा तास आधी उठतो आणि नाक्यावर कंपनीच्या बसची वाट बघतो. त्याची बायको म्हणते, "अर्धा तास गेला तर जाऊ दे. संध्याकाळी माणूस घरी येतो, हे मोठे."