सात रंगांचे नगर

अमेरिकेत दारूबंदीचा अंमल असताना आणि शिकागोसारख्या शहरात टोळीवाल्यांपुढे पोलिसांचा बंदोबस्त निष्प्रभ ठरत असताना, चेस्टर गूल्ड या चित्रकाराने १९३१ साली ‘डिक ट्रेसी’ ही गुन्हेशोधाची चित्रमालिका वृत्तपत्रांतून सुरू केली व १९७७ पर्यंत ती चालविली. गुन्हेगाराच्या अंतःकरणातील विकृती त्याच्या मुखावरच रेखाटावी, ही त्याची रीत होती.

१९९० साली वॉरन बेटी याने या मालिकेवर चित्रपट काढला, तेव्हा छायालेखक व्हित्तोरिओ स्तोरारो आणि कलादिग्दर्शक रिचर्ड सिल्बर्ट यांच्या साहाय्याने, वृत्तपत्री छपाईचे मोजके रंग स्मरून, सात रंगांपलीकडे सहसा जावयाचे नाही असा दंडक त्याने घालून घेतला. म्हणूनच ट्रेसीचा पिवळाधमक कोट, लाल-निळ्या भिंती आणि पार्श्वभूमीला रंगविलेले नगर यांत वास्तवाचा आभास निर्माण करण्याचा अट्टहास कोठेही दिसत नाही, आणि मला तर हा संयमच या कृतीचा खरा पराक्रम वाटतो. कथानक मात्र सामान्य आहे. रंगभूषेच्या जाड थरांखालीही अल पचिनोचा खलनायक जिवंत राहतो; त्या रंगभूषेला, कलादिग्दर्शनाला आणि स्टीफन सॉन्डहाइमच्या एका गीताला ऑस्कर पारितोषिके लाभली.